आठ दिवस टिकलेलं रक्त

"मम्मी, याआधी कधी रक्त चढवलंय का?" पूनमनं विचारलं.

धुळ्याच्या दवाखान्यात मी कॉटवर पडले होते. पूनम, माझी मुलगी, स्टुलावर बसून रक्तपेढीचा फॉर्म भरत होती. ती अमळनेरच्या कॉलेजात बी.एस्सी. करते, म्हणून घरातले सगळे फॉर्म तिच्याकडेच येतात. पायाशी माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, पिशवीतून मोसंबी काढत होत्या.

मी आक्कांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."

पूनमनं "नाही" लिहिलं. पुढचा प्रश्न होता, गर्भधारणा किती. तिनं मला विचारलंच नाही. हसून "एक" लिहिलं आणि म्हणाली, "ती मीच."

दोन्ही उत्तरं खोटी होती. या खोट्यानं माझा जीव जायची वेळ आली होती. एका परक्या मुलीची नोकरीही जाणार होती. म्हणून हे लिहायला बसले आहे.

*

मी अंगणवाडी सेविका आहे. अमळनेरपासून बसनं अर्ध्या तासावर आमचं गाव. माझे यजमान भगवान गावातच पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम, करतात. वीस वर्षं मी गावातल्या गरोदर बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या वाटते. "काही लपवू नको गं, आधीचं काही झालं असेल तर सांग," असं प्रत्येकीला म्हणते.

माझं स्वतःचं रक्त कमी होत होतं, ते मला कळत होतं. गर्भाशयात गाठी होत्या. पाळी आली की दहा-बारा दिवस थांबायची नाही. मी अंगणवाडीच्या खुर्चीवर जाड सतरंजी घडी करून बसायचे आणि मुलांना गाणी म्हणायला लावायचे, म्हणजे मला उठावं लागणार नाही. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हे व्हायचंच, असं म्हणत दीड वर्ष काढलं. शेवटी एकदा धान्याच्या गोणीवरच बसले ती उठताच येईना. यजमानांनी धुळ्याला नेलं. हिमोग्लोबिन पाच. डॉक्टर म्हणाल्या, आधी रक्त चढवू, अंगात ताकद आली की गर्भाशय काढू.

दोन पिशव्या चढवल्या. बदल्यात माझे मोठे दीर, नाना, यांनी रक्त दिलं. नाना एकेकाळी ग्रामपंचायतीत निवडून आलेले, आवाज मोठा, मनही मोठं. दंडाला पट्टी लावून वॉर्डात आले आणि म्हणाले, "आता तू नानाच्या रक्तावर चालशील, बाई."

रक्तपेढीतून पिशवी घेऊन प्रतिभा नावाची मुलगी आली होती. पूनमपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं पिशवीवरचा गट, माझं नाव, माझा गट तीनदा ताडून पाहिला. मला म्हणाली, "ताई, अंगाला खाज आली, थंडी वाजली, कंबर दुखली तर लगेच सांगायचं." मला काहीच झालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी ओठांना रंग आला. हिमोग्लोबिन साडेसात झालं आणि आम्ही घरी आलो. महिनाभरानं ऑपरेशन करायचं ठरलं.

*

आठव्या दिवशी सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली.

आदल्या रात्रीपासून अंगात कणकण होती. पाठ भरून आली होती. मी मोरीतून बाहेर आले तशी आक्कांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवला.

"डोया दख तुन्हा," त्या म्हणाल्या. "हयद सारखा पिवया व्हयी ग्यात."

कावीळ. गावात दुसरं कुणाच्या मनात येणार? माझ्याही आलं नाही. यजमान म्हणाले, डॉक्टरांना फोन करू. आक्कांनी हात झटकला. "डॉक्टरले काय समजस? कावीयले माळच लागस."

दुपारी शेजारच्या गावातून एका म्हाताऱ्याकडची मुळ्यांची माळ आली. ती डोक्यावर ठेवायची. जसजशी ती लांबत गळ्यात उतरेल तसतशी कावीळ उतरते, असं म्हणतात. माझी माळ खरंच लांबत होती. ती लांबते म्हणून मी खूश होते. उसाचा रस पीत होते, हळद-तेल सोडलं होतं. मी रोज बायकांना सांगते की अंगारे-धुपारे करू नका, आणि स्वतः चार दिवस डोक्यावर माळ घालून पडून होते. माणूस घाबरला की त्याला काय काय पटतं!

पाचव्या दिवशी न्हाणीपर्यंत चालत जाताना कानात धडधड ऐकू येऊ लागली. स्वतःच्या काळजाची. परत येताना उंबऱ्यावरच पडले.

अमळनेरच्या डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट येताच यजमानांना बाजूला घेतलं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. "चार आहे फक्त. धुळ्याला चढवलेलं सगळं रक्त गेलं, आणि ही साधी कावीळ वाटत नाही. आत्ताच्या आत्ता जळगावला न्या."

गाडीत यजमानांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. एरंडोल मागे गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कुठं गेलं असेल एवढं रक्त? कुठं सांडलं तर नाही."

*

जळगावच्या दवाखान्यातल्या पहिल्या दोन दिवसांतलं मला फार आठवत नाही. ऑक्सिजनच्या नळीचा रबरी वास आठवतो. लघवीचं भांडं नेताना सिस्टर त्यावर कागद झाकायच्या, रंग मला दिसू नये म्हणून, तेही आठवतं. सकाळी सहाला रक्त काढायला यायचे. मी म्हणायचे, "अहो, आहेच किती, त्यातलंही नेता?" पहिल्यांदा मी ते चेष्टेनं म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणताना रडू आलं.

सगळ्यात भीती कशाची वाटली ते सांगते. रक्त चार असताना डॉक्टर रक्त चढवत नव्हते. आक्का विचारायच्या, यजमान विचारायचे, नाना तर ओरडायचे. डॉक्टर म्हणायचे, थांबा. समोर पाणी असून पाजत नाहीत, असं झालं होतं. शेजारच्या कॉटवरच्या बाईला पिशवी लागली की मी त्या लाल नळीकडे पाहत राहायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या रक्तपेढीच्या डॉक्टर मॅडम वॉर्डात आल्या. केस पांढरे, पायात साधी चप्पल. कॉटच्या कडेला बसल्या, माझा हात हातात घेतला आणि यजमान-पूनमला म्हणाल्या, "तुम्ही चहा घेऊन या. मला ताईंशी बोलायचंय."

ते गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं.

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. तुमच्या रक्तात, चढवलेल्या रक्ताविरुद्ध काहीतरी तयार झालंय. त्याला अँटिबॉडी म्हणतात. त्यांच्या जाती असतात. एक मोठी जात. पाच जण हातात हात घालून उभे राहावेत तशी ती असते. चुकीच्या गटाचं रक्त दिलं तर ती ते नसेतच, जागच्या जागी फोडते. पिशवी चालू असतानाच माणूस थडथड उडायला लागतो. तुम्हाला तसं झालं?"

"नाही. काहीच नाही."

"म्हणजे चुकीच्या गटाचं रक्त दिलेलं नाही. दुसरी जात लहान. ती गपचूप येते आणि लाल पेशीला चिकटून बसते. पोलिओच्या दिवशी तुम्ही पोरांच्या बोटाला शाई लावता ना, तशी खूण करते. मग रक्त पानथरीतून, म्हणजे डाव्या कुशीतल्या प्लीहेतून, फिरताना पानथरी खुणेची एकेक पेशी बाजूला काढते आणि मोडते. म्हणून रक्त हळूहळू गेलं. तुमच्यातली ही जात जरा लबाड दिसते, थोड्या पेशी वाटेतही फोडते. म्हणून लघवी काळी झाली. पण मुख्य काम पानथरीचं. समजलं?"

मी मान हलवली. जळगावला येताना यजमानांनी विचारलं होतं, रक्त कुठं गेलं. ते माझ्याच पोटात, डाव्या कुशीत गेलं होतं.

"आता माझा प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "ही लहान जात एकदम आठ दिवसांत एवढी वाढत नाही, जोवर शरीरानं ते परकं रक्त आधी कधीतरी पाहिलेलं नसेल. पहिल्यांदा पाहिलं की ती तयार होते. मग वर्षानुवर्षं विरळ होत जाते, इतकी की तपासणीत दिसतसुद्धा नाही. पण शरीर विसरत नाही. दुसऱ्यांदा तेच रक्त आलं की भराभर वाढते. धुळ्याच्या फॉर्मवर लिहिलंय, पूर्वी रक्त घेतलेलं नाही. खरंय का हे?"

मी छताकडे पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर काळी धूळ होती.

"मॅडम, दाराकडे पाहा. कुणी आहे?"

"कुणी नाही."

मग मी सांगितलं.

*

माझं माहेर शिंदखेड्याकडचं. एकोणिसाव्या वर्षी पिंपळनेरच्या बाजूला माझं पहिलं लग्न झालं. विसाव्या वर्षी, सातव्या महिन्यात, एका दुपारी चुलीपुढून उठताना अंगावरून रक्त गेलं ते थांबेचना. बाळ आतच गेलं होतं. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात मला तीन दिवस रक्त चढवत होते, किती पिशव्या ते मला माहीत नाही. बाळ मला कुणी दाखवलं नाही. महिन्याभरानं सासरचे म्हणाले, हिला आता लेकरू होणार नाही. माहेरी आणून घातलं. पुढं सोडचिठ्ठी झाली.

तीन वर्षांनी भगवानांचं स्थळ आलं. पहिलं लग्न मोडलेलं आहे, हे माझ्या वडिलांनी त्यांना सांगितलं. पण आक्कांनी विचारलं, "लेकरूबिकरू?" तेव्हा वडील म्हणाले, "छे छे, चार महिने नांदली नाही पोर." मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते. मी बाहेर येऊन काही बोलले नाही. पुढं बावीस वर्षं बोलले नाही. पूनमला तर माझं पहिलं लग्नच माहीत नव्हतं.

मॅडमनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाही "अरेरे" म्हणाल्या नाहीत, याचे मी उपकार मानते.

"हे माझ्यापाशी राहील," त्या म्हणाल्या. "घरच्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उपचाराला त्याची गरज नाही. मला कळलं, पुरे झालं."

मी विचारलं, "मी धुळ्यालाच खरं सांगितलं असतं तर हे झालं नसतं?"

त्या म्हणाल्या, "खरं सांगू? कदाचित तेव्हाही तपासणीत काही दिसलं नसतं. तिथल्या लोकांनी तुमचा जपून ठेवलेला नमुना काल पुन्हा तपासला. तेव्हाही जुळतच होतं. पण माहीत असतं तर त्यांनी जास्त शोधलं असतं. निदान सांगितलं असतं, दहा दिवस लक्ष ठेवा, डोळे पिवळे झाले तर पळत या. चार दिवस माळ घालून तुम्ही पडून राहिला नसता."

*

गुपित राहिलं असतं. मॅडमच्या शब्दावर माझा विश्वास होता. मी तसंच ठरवलंही होतं.

पण संध्याकाळी नाना आले. हातात कागद होता. मागे आक्का आणि यजमान. पूनम आधीपासून माझ्याजवळ होती.

"उद्या जातोय धुळ्याला," नाना म्हणाले. "गावातले पंधरा जण येतात. काल फोनवर त्या रक्तपेढीवाल्याला झापलं, तर तो म्हणतो, चौकशी करतो. पिशवी कोणी दिली? तर ती पोर, प्रतिभा. तिला घरी बसवलंय म्हणे चौकशी होईपर्यंत. एवढ्यानं काय होतं? लेखी तक्रार देणार. त्या पोरीले कायमची घर बसाडाशिवाय मी ऱ्हात नही. मन्हं रगत कथं गयं मंग? मी माझं रक्त दिलं, आणि हिला भलतंच चढवलं!"

"नाना," मी म्हणाले, "मॅडम म्हणाल्या की चुकीच्या गटाचं नव्हतं. असतं तर लगेच कळलं असतं."

"डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेतात, बाई. तू पडून राहा."

पूनम हळू आवाजात म्हणाली, "मी तिथून नंबर घेऊन फोन केला होता मम्मी. प्रतिभाताई घरीच होती. रडत होती. म्हणाली, मी दोनदा जुळवून पाहिलं होतं हो, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

त्या मुलीनं पिशवीवरचं माझं नाव तीनदा वाचलं होतं. तिच्या फॉर्मवरच्या प्रश्नाला मी एका शब्दाचं उत्तर दिलं होतं, आणि तो शब्द खोटा होता.

मी म्हणाले, "नाना, तक्रार देऊ नका. चूक माझी आहे. मला आधी रक्त चढवलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी. बाळ गेलं तेव्हा."

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. चार-पाच वाक्यांत सगळं सांगून टाकलं, बघत होते फक्त चादरीवरच्या निळ्या पट्ट्यांकडे.

पहिल्यांदा आक्का उठल्या. "बावीस वरीस मन्हा घरमा ऱ्हायनी," त्या म्हणाल्या, "आनि हाई आज सांगी ऱ्हायनी?" पिशवी घेतली आणि वॉर्डाबाहेर गेल्या.

पूनमचा चेहरा मला ओळखू येईना. "मम्मी, माझ्या हातानं लिहून घेतलंस," एवढं म्हणाली. मग आक्कांच्या मागं गेली.

नानांनी हातातल्या कागदाची घडी घातली, अजून एक घातली, खिशात ठेवली. मग म्हणाले, "त्या पोरीला फोन करतो. उद्या धुळ्याला जातो, पण एकटा." आणि गेले. नानांबद्दल लोक काहीही बोलोत, दुसऱ्या दिवशी ते खरंच रक्तपेढीत गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की चूक आमच्याकडून झाली. प्रतिभा त्याच आठवड्यात कामावर रुजू झाली.

यजमान मात्र तिथंच बसून होते. सलाइनच्या थेंबांकडे पाहत. मी वाट पाहिली. सिस्टर आली, वेळ संपली म्हणाली, तेव्हा उठले आणि सलाइनची नळी माझ्या हाताखाली दबली होती ती सरळ करून गेले.

*

कोणत्या उपगटाविरुद्ध ही अँटिबॉडी आहे, ते शोधायची सोय जळगावात नव्हती. माझ्या रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून नाशिकला न्यायच्या होत्या. कुरियरला दिवस गेला असता. यजमान म्हणाले, "मी जातो."

माझ्याशी न बोलणारा माणूस माझं रक्त मांडीवर घेऊन रेल्वेनं नाशिकला गेला. डबा हलू नये म्हणून सगळ्या प्रवासात त्यांनी तो खाली ठेवला नाही, हे मला फार नंतर कळलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. ए, बी, ओ सोडूनही रक्ताचे पुष्कळ उपगट असतात. त्यातल्या किड नावाच्या उपगटातला एक घटक माझ्या रक्तात नाही. धुळ्याच्या दोन्ही पिशव्यांत तो होता. आता तो घटक नसलेलं रक्त हवं होतं. मॅडमच्या लोकांनी साठ्यातली एकेक पिशवी तपासायला घेतली. पहिल्या दिवशी सापडली नाही. हिमोग्लोबिन तीन पॉइंट आठ झालं. मला पापण्या उघड्या ठेवायचाही कंटाळा येऊ लागला. मरणाची भीतीसुद्धा तेव्हा वाटत नव्हती, घाबरायलाही ताकद लागते. आक्का येऊन दाराशी बसायच्या, आत यायच्या नाहीत. पूनम माझे पाय चेपायची पण माझ्याकडे पाहायची नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मॅडम स्वतः पिशवी घेऊन आल्या. "मिळाल्या. दोन."

रक्ताची मी इतकी वाट पाहिली होती, आणि आता ते समोर आल्यावर मी हात मागं घेतला. "नको मॅडम. पुन्हा तसंच झालं तर?"

"आज काही होणार नाही हे मी सांगू शकते," त्या म्हणाल्या. "आठवड्यानं काय होईल ते आपण दोघी मिळून बघू. पण आज हे नाही घेतलं तर आठवडा यायचा नाही."

पहिली पंधरा मिनिटं सिस्टर हलली नाही. माझी नाडी धरून बसली होती आणि मध्येच तिच्या नणंदेच्या लग्नातल्या जेवणाचं सांगत होती. मी कंबर दुखते का, थंडी वाजते का याकडे कान लावून होते. पूनमनं त्या दिवशी पहिल्यांदा माझा हात धरला.

*

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मला शब्दांत सांगता येत नाही. वरवर मी सुधारत होते. पण धुळ्याहून आल्यावरही मी अशीच सुधारले होते ना! रोज सकाळी भांड्यातला रंग पाहायचे. सिस्टरना सांगितलं होतं, आता कागद झाकू नका. आरशात डोळे पाहायचे. सहाव्या दिवशी जेवणात गाजर होतं, तर संध्याकाळी लघवीचा रंग गडद वाटला आणि मी ओरडून पूनमला बोलावलं. काही नव्हतं.

आठव्या दिवशीचा रिपोर्ट पूनमनं वाचला. आठ पॉइंट एक. आदल्यापेक्षा थोडं जास्तच. "टिकलं," ती म्हणाली आणि कॉटच्या कठड्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिनं फिरवू दिला.

त्या दिवशी तिनं मला पहिल्या लग्नाबद्दल विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मला राग त्याचा नाही आला. तू आक्काला घाबरून मरायला तयार झालीस, त्याचा आला."

*

आता मी घरी आहे. दोन महिन्यांनी जळगावलाच गर्भाशय काढलं. माझ्या उपगटाच्या पिशव्या आधीच शोधून ठेवल्या होत्या, त्यातली एकच लागली. मॅडमनी एक कार्ड दिलंय. त्यावर माझा गट आणि कोणत्या घटकाचं रक्त मला चालत नाही ते लिहिलंय. ते मी पाकिटात ठेवते, आणि त्याची झेरॉक्स पूनमच्या बॅगेत आहे.

हे वाचणाऱ्या बायकांना मला एकच सांगायचंय. कधी रक्त घेतलं असेल, पोट पडलं असेल, मूल गेलं असेल, तर रक्त चढवण्याआधी ते सांगा. घरच्यांसमोर जीभ उचलत नसेल तर त्यांना चहाला पाठवा आणि मग सांगा. आणि रक्त घेतल्यावर दोन आठवडे डोळ्यांकडे, लघवीकडे लक्ष ठेवा. ताप आला, पिवळेपणा आला, तर माळ नको, जिथं रक्त चढवलं तिथं जा.

प्रतिभाला मी भेटून आले. ती चांगलं बोलली. "ताई, तुम्ही वाचलात हेच पुष्कळ," म्हणाली. पण मी निघताना तिनं विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतं तर माझं काय झालं असतं हो?" मी सांगितलं ते उशिराच सांगितलं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आक्का माझ्या हातचं खातात, पण पूर्वीसारख्या बोलत नाहीत. बोलतील असं मी आता धरूनही चालत नाही. त्यांना त्या बाळाचं दुःख नाही, फसवल्याचं आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला म्हणता येत नाही.

यजमानांनी दवाखान्यात माझं सगळं केलं. उचललं, बसवलं, गोळ्यांच्या वेळा पाळल्या. पण त्या संध्याकाळच्या बोलण्याचा विषय काढला नाही. घरी येऊन तीन महिने झाले होते तरी नाही. मला वाटायचं, भांडले असते तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन दुकानात गेले. ते खाली बसून मोटारीच्या खाचांत तांब्याची तार भरत होते. मी डबा फळीवर ठेवला. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"पोऱ्या व्हता का पोरगी?"

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल. मग कळलं.

"पोऱ्या," मी म्हणाले.

"दखा व्हता का तू त्याले?"

"नही. कोणी दखाडाच नही."

त्यांनी तार खाली ठेवली. हात फडक्याला पुसले आणि बाजूचं रिकामं खोकं माझ्याकडे सरकवलं. मी बसले. पंचवीस वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा नाही. मी म्हणाले, सातवा महिना होता, तो पोटात फार हलायचा, विशेषतः मी भाकरी थापायला बसले की.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक जळलेली मोटार मोटारसायकलवर बांधून दारात आलं. यजमानांनी बसल्या जागेवरूनच त्याला हात केला.

"घंटाभरमा ये, भाऊ," ते म्हणाले. "आते काम चालू शे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हं. सांग."